पेत्राचं कच्चेपण

क्रुसाची खूण करायला तुम्हाला कोणी शिकवलं, ते आठवा. घाई नको. कुणाला आजी आठवेल, कुणाला आई, कुणाला शाळेतली एखादी सिस्टर. तिने तुमचा उजवा हात मनगटाशी धरला, बोटं जुळवली, कपाळाला टेकवली, छातीशी आणली, मग डावा खांदा, मग उजवा. तुम्ही आधी उजव्या खांद्याकडे निघालात तर तिने हात परत फिरवला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन नावांचा अर्थ त्या वयात कळणं शक्यच नव्हतं, आणि तो कळेपर्यंत ती थांबलीही नाही. आधी हात वळला. अर्थ मागून आला, आणि अजून येतोच आहे.

आता एक पिढी मागे जा. तिला कोणी शिकवलं? आणि त्या माणसाला कोणी? जिथवर नावं आठवतात तिथवर नावं घ्या. दोन-तीन नावांतच आठवण संपेल. पण आठवण संपली म्हणून हात संपत नाहीत. कुणीतरी कुणाचं तरी मनगट धरलेलंच होतं, आणि असं मागे मागे गेलं की शेवटी आपण त्या माणसांपाशी पोचतो ज्यांनी प्रभू येशूला भाकर मोडताना समोर बसून पाहिलं.

इथे थोडं थांबा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे: आपला विश्वास आपण शोधून काढलेला नाही, तो आपल्या हाती आलेला आहे.

धाराशिव जिल्ह्यात कॅथलिक घरं मोजकी. आपला सगळा मराठवाडा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो, आणि हा धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ रोजी स्थापन झाला, म्हणजे ख्रिस्तसभेच्या वयाच्या मानाने कालचाच. इथल्या एखाद्या घरात ही साखळी पाच पिढ्यांची असेल, एखाद्या घरात दोनच पिढ्यांची. त्यामुळे मनात कधीकधी येतं की परंपरा ही रोमची, गोव्याची, फार तर वसईची. आपण तिचे उशिरा आलेले पाहुणे. असं मनात आलं तर हाकलू नका, पण त्याच्याजवळ एक गोष्ट नेऊन ठेवा. संत पौल तीमथ्याला लिहिताना एकाच वाक्यात चार पिढ्या सांगून जातो: माझ्याकडून तू ऐकलंस, ते विश्वासू माणसांच्या हवाली कर, ती पुढे आणखी कुणाला शिकवतील. चौथ्या पिढीला पहिलीपेक्षा थोडं कमी मिळेल असं तो कुठेही म्हणत नाही. ठेवा वाटून देताना घटत नाही. धाराशिवच्या लेकराला जे मिळतं ते अखंड मिळतं, जेवढं तीमथ्याला मिळालं तेवढंच.

आणि ही साखळी किती नाजूक दिसते आणि तरी किती चिवट असते, याचं आपल्याच भाषेतलं उदाहरण डोळ्यांसमोर आणा. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडहून आलेला येशूसंघी, १५७९ साली गोव्यात पाय ठेवतो आणि पुढे मराठीत क्रिस्तपुराण रचतो. सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ साली राशोल इथे ते छापलं जातं, छापण्याआधी ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांकडून तपासून घेतलं जातं. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं जातं. मग १६८४ साली पोर्तुगीज सरकार स्थानिक भाषेच्या वापराविरुद्धच हुकूम काढतं. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी पुराण आपल्या हातात आहे, कारण माणसांनी ते हातांनी उतरवून ठेवलं, घरांत जपलं, मुलांना वाचून दाखवलं; आणि १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं ते अशाच हस्तलिखितांवरून. छापलेलं नाहीसं झालं, हातांनी उतरवलेलं टिकलं. ज्यांनी ते उतरवलं त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांच्यापैकी एकाची कल्पना करा. दिव्याच्या उजेडात तो ओवी लिहितो आहे. मनात आणलं तर एखादी ओवी तो आपल्या पसंतीने बदलू शकतो, त्याला अडवणारं कुणी नाही. पण आपल्याला मिळालं ते आपलं नाही, पुढच्याचं आहे, हे तो जाणतो.

आता पुढच्या प्रश्नाकडे जाऊ, आणि तो अवघड आहे म्हणून सावकाश जाऊ. उतरवणारे अनेक असले, आणि एकाच्या प्रतीत एक पाठ, दुसऱ्याच्या प्रतीत दुसरा निघाला, तर खरं कोणतं हे कोण ठरवणार?

दुसऱ्या शतकात हा प्रश्न जिवावरचा झाला होता. येशूने निवडक शिष्यांच्या कानात काही वेगळंच सांगितलं होतं आणि ते गुपित आमच्याकडे आहे, असं म्हणणारे पंथ उठले होते. लियाँचा महागुरू, म्हणजे बिशप, संत इरेनेयस याने सुमारे १८० साली त्यांना उत्तर दिलं. लहानपणी त्याने स्मर्ना इथे संत पॉलिकार्पला ऐकलं होतं, आणि पॉलिकार्पने प्रेषित योहानाला. योहान, पॉलिकार्प, इरेनेयस: मध्ये फक्त एक माणूस. इरेनेयसचं म्हणणं सरळ होतं. गुपितं सोडा. प्रेषितांनी ज्या ख्रिस्तसभा स्थापल्या तिथे जा, तिथले महागुरू एकामागून एक कोण झाले ते पाहा, आणि ते उघडपणे, सगळ्यांसमोर काय शिकवत आले ते ऐका. आणि मग तो रोमच्या महागुरूंची नावं ओळीने देतो, पेत्र-पौलांनी ज्याच्या हाती कारभार दिला त्या लायनसपासून आपल्या काळापर्यंत.

मला या यादीत फार मोठा दिलासा वाटतो. विश्वासाची खात्री करून घ्यायची तर एक नाव, त्याच्या मागचं नाव, त्याच्याही मागचं नाव असं उघड्यावर मोजत जाता येतं. विद्वान असावं लागत नाही.

रोम म्हटलं की फार दूरचं वाटतं. पण तेरला गेला असाल तर आठवा. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून येतं. इथून जाडंभरडं कापड आणि मलमल बैलगाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जायची, आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे, तिच्याच घडणीची एक इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली सापडली, आणि पाँपेई गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे ज्या दशकांत पेत्र रोममध्ये शिकवत होता आणि नीरोच्या छळात मारला गेला, त्याच दशकांत आपल्या तेरचा माल त्या जगाच्या बाजारात होता. यावरून कोणताही दावा मला करायचा नाही. एवढंच, की पेत्र ज्या गल्लीबोळांतून चालला तो मुलूख आणि आपला मुलूख यांच्यामध्ये तेव्हाही वाट होती.

आणि तेर म्हटलं की तिथले संत गोरा कुंभार, म्हणजे गोरोबाकाका, येतातच.

१० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत धाराशिवला त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा संमेलननगरीला गोरोबाकाकांचंच नाव होतं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईतल्या नंदाखालचे. ती वसई १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांच्या ताब्यात आली, युरोपीय मठवासी निघून गेले, आणि पुढे तिथला विश्वास देशी धर्मगुरूंच्या हातांवर तगला. त्या हातांनी सांभाळलेल्या घरातला एक धर्मगुरू संत गोरोबांच्या जिल्ह्यात मराठी लेखकांचा अध्यक्ष म्हणून बसला, आणि त्याच्या नावावर पुष्कळ पुस्तकं असली तरी मोठं काम होतं ‘सुबोध बायबल’, म्हणजे मिळालेला शब्द आपल्या माणसांच्या भाषेत पोचवणं. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला होता, हे खरं. तरी धाराशिवने त्यांना मान दिला, आणि त्याबद्दल या जिल्ह्यातल्या कॅथलिक माणसाने कृतज्ञ असावं असं मला मनापासून वाटतं.

गोरोबाकाकांची ती कथा तुम्हाला ठाऊक आहे. संतमंडळी जमलेली. मुक्ताबाईने गोरोबांना विचारलं, काका, हे काय आहे? थापटणं, ते म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही मडकी बघा की. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडला. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. नामदेव रडत पंढरपुरी गेला तर विठ्ठलाने त्याचीच समजूत काढली: तुला गुरू नाही, औंढ्याला विसोबा खेचरांकडे जा. देवाशी रोज बोलणाऱ्या माणसालासुद्धा देव म्हणतो की माणसाकडे जा आणि त्याच्याकडून शीक. या मातीत ही गोष्ट शेकडो वर्षं सांगितली जाते आहे. म्हणून अध्यापनाचा अधिकार ही कल्पना इथल्या माणसाला परकी वाटू नये. थाप बसली की आपण कसे वाजतो, खणखणीत की बद्द, ते आपलं आपल्याला कळत नाही. ते दुसऱ्याच्या कानाला कळतं.

माळावर बसलेला कुंभार डोळ्यांसमोर आणा. माठ एका हाताने आतून पेललेला, दुसऱ्या हाताने बाहेरून थाप. मग स्वतःला विचारा: ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतली कोणती गोष्ट मला थापेसारखी लागते? विवाहाबद्दलची असेल, पैशाबद्दलची असेल, शत्रूला क्षमा करण्याबद्दलची असेल. तिच्यावर वाद घालू नका. नुसतं बघा, थाप बसल्यावर आवाज कसा येतो.

पण इथे कथा आणि ख्रिस्तसभा यांच्यात एक फरक आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते या फरकात आहे. गोरोबाकाका स्वतः भाजून निघालेले होते. त्यांचा अधिकार त्यांच्या पक्वतेतून आला होता. आपल्या मुलखात अधिकार मानायची रीत तीच आहे: माणूस सिद्ध असेल तर त्याचा शब्द मानू.

पेत्र सिद्ध होता का?

शुभवर्तमान वाचा. पाण्यावर चालायला निघतो आणि बुडायला लागतो. त्याला खडक म्हटलं, किल्ल्या दिल्या, आणि पुढे क्रुसाचं नाव निघताच तो प्रभूला अडवतो आणि खडसावून घेतो. शेवटच्या रात्री एका दासीच्या आणि आजूबाजूच्यांच्या प्रश्नांना घाबरून तो तीनदा म्हणतो की मी त्या माणसाला ओळखत नाही. गोरोबांचं थापटणं पेत्राच्या डोक्यावर पडलं असतं तर काय आवाज आला असता, हे सांगायला नको. आणि प्रभूला हे आधीच माहीत होतं. लूकच्या शुभवर्तमानात ते आहे: तू नाकारशील हे सांगण्याआधीच तो पेत्राला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, आणि तू परत वळलास की आपल्या भावांना स्थिर कर.

हे वाक्य मनात घोळू द्या. घाईने पुढे जाऊ नका. भावांना स्थिर करण्याचं काम ज्याला दिलं तो स्वतः अस्थिर होता. अधिकार त्याच्या पक्वतेवर उभाच नव्हता, तो प्रभूच्या प्रार्थनेवर उभा होता. म्हणून पुढे एखादा पोप अशक्त निघाला, एखादा महागुरू भित्रा निघाला, इतिहासात काहींची आयुष्यं लाज वाटावी अशी निघाली, तरी किल्ल्या हरवल्या नाहीत. याचा अर्थ त्यांच्या पापावर पांघरूण घालायचं असा अजिबात नाही. पौलाने अंत्युखियात पेत्राला तोंडावर सुनावलं, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ते सगळ्यांना वाचता येतं. ख्रिस्तसभेने ते पान फाडलं नाही. पौलाने पेत्राची वागणूक चुकीची ठरवली. पेत्राची जागा त्याने मागितली नाही.

आणि कच्च्या माणसाच्या हाती एवढा अधिकार देताना प्रभूने त्याला बांधूनही ठेवलं. हे फार कमी लोक ध्यानात घेतात. बाहेरच्यांना वाटतं, पोप म्हणेल ते धर्म. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकतेचा सिद्धांत जाहीर केला, आणि त्याच दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं की पेत्राच्या वारसांना पवित्र आत्मा दिला तो नवी शिकवण काढण्यासाठी नव्हे, प्रेषितांकडून आलेला ठेवा राखण्यासाठी आणि समजावून सांगण्यासाठी. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तेच पुन्हा सांगितलं: अध्यापनाचा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे. सेवक घरातलं सामान जपतो, झाडतो, अंधारातलं उजेडात आणतो. विकत नाही.

याची दोन उदाहरणं बघा. १ नोव्हेंबर १९५० रोजी पायस बारावे यांनी धन्य मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत घोषित केला. त्याआधी १९४६ साली त्यांनी जगभरच्या महागुरूंना पत्र पाठवून विचारलं होतं की तुमचे लोक हे मानतात का. लोक मानतच होते, १५ ऑगस्टचा सण शतकानुशतकं पाळतच होते. पोपने शिक्का मारला तो आधीपासून जिवंत असलेल्या गोष्टीवर. दुसरं उदाहरण १९९४ चं. स्त्रियांना धर्मगुरुदीक्षा देण्याच्या प्रश्नावर जॉन पॉल दुसरे यांनी उत्तर दिलं की ख्रिस्तसभेला तसा अधिकारच नाही. या उत्तराने दुखावलेली माणसं मला माहीत आहेत आणि त्यांच्या दुखण्याची मी थट्टा करणार नाही. पण उत्तराची घडण पाहा. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा धार्मिक अधिकार ज्याच्या हाती, तो म्हणतो की हे माझ्या हातात नाही. ज्या अधिकाराला असं म्हणता येतं, त्याच्यावर माझा भरवसा बसतो.

आता सर्वांत दुखरी जागा. परंपरेवर जिवापाड प्रेम असलेल्या माणसाला अधिकाराचाच एखादा निर्णय परंपरेला दुखावणारा वाटला तर?

हे आजचंच नाही. मुंबईत १७९४ पासून एकाच गावच्या कॅथलिकांवर दोन अधिकार होते: काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपांकडे, पाद्रोआदोखाली म्हणजे पोर्तुगीज राजाच्या आश्रयाधिकाराखाली, काही रोमने थेट नेमलेल्या व्हिकर अपोस्टोलिककडे. १८३८ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी ‘मुल्ता प्रेक्लारे’ हा आदेश काढून भारतातल्या पाद्रोआदोचा मोठा भाग रद्द केला, तेव्हा कितीतरी धर्मगुरू आणि त्यांची माणसं ऐकेनात. त्यांना गोवा सोडवेना. त्यांच्या आजोबांचा बाप्तिस्मा गोव्याच्या हाताने झालेला, सण गोव्याच्या पद्धतीने चाललेले. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. तरी त्या प्रेमाने घरं फोडली, चर्चच्या किल्ल्यांवरून भांडणं झाली. १८५७ चा करार, १८८६ चा करार, आणि शेवटी १९२८ साली मुंबईतला दुहेरी कारभार मिटला. एवढा काळ लागला. ज्या सामान्य माणसांनी त्या काळात दोन्हीकडच्या भांडणात न पडता मुलांना प्रार्थना शिकवल्या, त्यांच्यामुळे विश्वास पुढे आला.

आज तसंच दुखणं जुन्या लॅटिन मिस्साबद्दल आहे. २००७ साली बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला मोकळीक दिली, १६ जुलै २०२१ रोजी फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आवळली. मला ती मिस्सा प्रिय आहे. तिची शांतता, तिचं पूर्वेकडे तोंड करून उभं राहणं, आणि शतकानुशतकं शब्द जपणारी तिची काळजी. २०२१ च्या निर्णयाचं दुःख मला आहे आणि ते मी लपवत नाही. शिस्तीचे नियम बदलतात, ते श्रद्धेचा ठेवा नव्हेत; त्यांच्याबद्दल आदराने विनंती करता येते, पुन्हा पुन्हा करता येते, आणि करावी. पण ज्या क्षणी मी म्हणेन की परंपरा मला कळते आणि पेत्राच्या वारसाला कळत नाही, म्हणून आता ख्रिस्तसभा मी आहे, त्या क्षणी मी इरेनेयसच्या यादीतून बाहेर पडून गुपित ज्ञानवाल्यांच्या रांगेत उभा राहिलो. परंपरेच्या नावाने परंपरा तोडण्याचा हा मोह धार्मिक माणसालाच होतो, बेफिकीर माणसाला होत नाही. म्हणून तो तपासा. तुमच्यात नसेल तर देवाचे आभार माना. असेल तर त्याच्याशी भांडत बसू नका, प्रभूने पेत्रासाठी केलेली ती प्रार्थना तुम्हीही करायला लागा.

येत्या रविवारी मिस्साच्या मध्यभागी, भाकर आणि द्राक्षारस अर्पण होत असताना, धर्मगुरू दोन नावं घेतील: आपले पोप लिओ, आणि आपल्या धर्मप्रांताचे महागुरू. ही नावं आपण इतक्यांदा ऐकलेली असतात की कानावरून निघून जातात. या वेळी ती पकडा. रोमची ती यादी त्या क्षणी आपल्या गावच्या वेदीपर्यंत येऊन पोचलेली असते. मग घरी, रोझरी संपल्यावर पोपच्या हेतूंसाठी एक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, एक ‘नमो मरिये’ आणि एक त्रैक्याची स्तुती म्हणण्याची जुनी रीत आहे, ती मोडली असेल तर पुन्हा सुरू करा. आणि ज्या महागुरूंचा किंवा पोपचा निर्णय तुम्हाला अजिबात पटलेला नाही, त्यांचं नाव आधी घ्या.